निळ्यावरून पिवळ्यावर: मधमाशी जुनी खूण खरोखर विसरते का?

भाद्रपदात पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. घरामागच्या ओट्यावर, एकमेकांपासून हातभर अंतरावर, एक निळा आणि एक पिवळा असे दोन कागद काचेखाली ठेवले होते आणि प्रत्येक काचेवर एक लहान बशी होती. पाठीवर पांढरा ठिपका असलेली सातेरी मधमाशी सरळ निळ्यावर उतरली, तिने सोंड बशीत बुडवली आणि लगेच मागे घेतली. आदल्या दिवशी याच रंगावर तिला साखरेचा पाक मिळाला होता. आज तिथे साधे पाणी होते. ती उडाली, ओट्यावर एक छोटी गिरकी घेतली आणि पुन्हा निळ्यावरच उतरली. असे तिने सहा वेळा केले. सातव्या खेपेला ती पिवळ्यावर टेकली, तिथला पाक तिच्या सोंडेला लागला, आणि मग पोट भरेपर्यंत ती तिथून हलली नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि वाईजवळच्या आमच्या घरी सातेरीच्या दोन पेट्या आहेत. वरचा प्रसंग मी पावसाळ्याच्या उतरणीला करते त्या प्रयोगातला आहे. प्राण्याला आधी शिकवायचे की अमुक खुणेपाशी बक्षीस आहे आणि तमुक खुणेपाशी नाही. ते पक्के झाले की कोणतीही सूचना न देता दोन्ही खुणांचे अर्थ आपसात बदलायचे, आणि प्राणी नव्या परिस्थितीशी कसे जुळवून घेतो ते पाहायचे. मानसशास्त्रात याला रिव्हर्सल लर्निंग म्हणतात; मी वर्गात ‘उलटफेर’ म्हणते. उंदीर, कबुतरे, माकडे, मासे, सरडे, मधमाश्या अशा कितीतरी प्राण्यांवर ही चाचणी झालेली आहे, कारण तिला लागणारी सामग्री थोडी असते आणि निकाल डोळ्यांना चटकन दिसतो.

तो निकाल बहुधा एका आलेखात येतो: जुन्या खुणेची रेघ उतरत जाते, नव्या खुणेची चढत जाते, आणि दोन्ही कुठेतरी एकमेकींना छेदतात. तो छेद पाहून ‘प्राणी जुने विसरला आणि नवे शिकला’ असे वाक्य सहज लिहिले जाते. वाचनाने आणि थोड्याशा स्वानुभवाने मला पटलेली गोष्ट अशी आहे की या वाक्याचा पहिला भाग बहुतेक वेळा खरा नसतो, आणि जेव्हा एखादा प्राणी उलटफेरीत अडखळतो तेव्हा तो नेमका कशात अडखळला हे त्या एका छेदावरून कधीच ठरवता येत नाही.

रंगीत कागद आणि साखरेचे पाणी ही पद्धत माझी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल फॉन हेस या नामवंत नेत्रतज्ज्ञाचे मत होते की मधमाश्यांना रंग दिसत नाहीत, त्यांना फक्त उजेडाच्या कमीअधिक छटा कळतात. म्युनिकमधल्या तरुण कार्ल फॉन फ्रिश यांना ते पटेना. माश्यांना रंग दिसत नसतील तर फुले रंगीत कशासाठी, असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यांनी करड्या रंगाच्या फिकट ते गडद अशा अनेक छटांचे कागद बुद्धिबळाच्या पटासारखे मांडले, त्यांत एकच निळा कागद ठेवला आणि फक्त त्या निळ्यावरच्या बशीत साखरेचे पाणी दिले. माश्या रुळल्यावर त्यांनी कागद बदलले, बश्या बदलल्या, निळ्याची जागा बदलली आणि सगळ्या बश्या रिकाम्या ठेवल्या, तरीही माश्या निळ्यावरच आल्या. कागदाच्या वासावर माश्या येत असतील ही शंका काढून टाकण्यासाठी त्यांनी वरून काच ठेवली. हे काम १९१४ साली प्रसिद्ध झाले. फ्रिश यांना नोबेल पारितोषिक मात्र १९७३ मध्ये, कोनराड लोरेंझ आणि निको टिनबर्गेन यांच्यासोबत मिळाले. मला या प्रयोगात सर्वांत मोलाचा वाटतो तो शेवटचा टप्पा, म्हणजे बक्षीस काढून घेऊन, सगळ्या बश्या स्वच्छ आणि रिकाम्या ठेवून केलेली परीक्षा. तो टप्पा वगळला तर काय होते ते मी स्वतः भोगले आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे बाहेरचा मकरंद अपुरा पडतो आणि मधपाळ पेट्यांना साखरेचा पाक देतात, त्यामुळे या दिवसांत माश्या बशीवर लवकर येतात. जांभूळ आणि हिरडा फुललेला असताना त्या आपल्या पाकाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. बशी पेटीच्या फार जवळ ठेवली तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या येऊन लुटालूट सुरू होते, म्हणून ती थोडी लांब नेत न्यावी लागते. पहिल्या वर्षी मी आठ माश्यांच्या पाठीवर काडीच्या टोकाने वेगवेगळ्या रंगांचे ठिपके दिले, निळ्यावर पाक दिला, मग पिवळ्यावर दिला, आणि माझ्या वहीत पाहता पाहता एक सुंदर उलटफेर उमटली. थोड्याच फेऱ्यांत सगळ्या माश्या पिवळ्यावर जाऊ लागल्या होत्या. मला फार आनंद झाला होता.

गावातले एक वयस्कर मधपाळ काका त्या दिवशी आले होते. त्यांनी बराच वेळ ओट्याकडे पाहिले आणि म्हणाले, “बाई, माशी कागद बघतीय असं तुम्हांला वाटतंय. ती जागा बघतीय. पेटी दोन हात सरकवली तर परतणारी माशी जुन्या जागेवरच घिरट्या घालते की नाही?” हे प्रत्येक मधपाळाला ठाऊक असते, पेटी हलवायची तर थोडी थोडी हलवावी, नाहीतर एकदम काही किलोमीटर लांब न्यावी. मी मात्र निळा कागद कायम डावीकडे आणि पिवळा कायम उजवीकडे ठेवला होता. म्हणजे माझ्या माश्यांनी निळे सोडून पिवळे धरले असेल, किंवा डावे सोडून उजवे धरले असेल, आणि माझ्या वहीतून या दोहोंतला फरक कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. शिवाय पहिली माशी पिवळ्यावर बसली की बाकीच्या तिला पाहून तिथे येत होत्या, आणि बसून गेलेल्या माश्यांचा वास बशीच्या काठाला राहत होता.

पुढच्या वर्षी मी कागदांच्या जागा दर काही भेटींनी बदलल्या, बश्या प्रत्येक वेळी धुतल्या, एका वेळी एकच माशी ओट्यावर राहील अशी काळजी घेतली आणि शेवटी फ्रिश यांच्याप्रमाणे रिकाम्या बश्यांची परीक्षा घेतली. तेव्हा उलटफेर दिसली, पण आधीइतकी वेगवान नाही. दुपारी पिवळ्यावर न चुकता जाणारी पांढऱ्या ठिपक्याची माशी दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्याच भेटीत, निळ्यावर येऊन बसली. आदल्या दुपारी निळ्यावर काही मिळत नाही हे तिने चांगले अनुभवले होते, आणि तरीही रात्र सरल्यावर जुनी खूण पुन्हा वर आली होती.

इव्हान पाव्हलॉव्ह यांनी हीच गोष्ट कुत्र्यांमध्ये पाहिली होती. ध्वनीनंतर अन्न देणे थांबवले की त्या ध्वनीने लाळ सुटणे हळूहळू बंद होते. पण काही वेळ जाऊ दिला आणि पुन्हा तोच ध्वनी ऐकवला की लाळ परत सुटते. याला उत्स्फूर्त पुनःप्राप्ती म्हणतात. जुने पुसले गेले असते तर ते आपोआप परत आले नसते. ते जागच्या जागी होते. त्यावर ‘आता नाही’ असे दुसरे शिक्षण चढले होते, आणि हे दुसरे शिक्षण पहिल्यापेक्षा कच्चे असते. मधमाश्यांतही, बक्षीस थांबल्याने विझलेला प्रतिसाद काही काळाने असाच परतताना प्रयोगशाळेत दिसलेला आहे.

प्रयोगशाळेत माशी उडत नाही. तिला बर्फावर क्षणभर गार करून सुस्त करतात, एका लहान नळीत डोके तेवढे बाहेर राहील अशी अडकवतात, आणि ती सावध झाली की शृंगिकांना साखरेच्या पाण्याचा स्पर्श करतात. तो होताच सोंड बाहेर येते. आता स्पर्शाच्या आधी काही सेकंद एक वास सोडला आणि असे दोनतीनदा केले की नुसत्या वासानेही सोंड बाहेर येऊ लागते. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा थक्क झाले होते, कारण तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या डोक्यात, ज्यात सुमारे दहा लाखच चेतापेशी असतात, काहीतरी बदलल्याचा पुरावा डोळ्यांदेखत बाहेर येत होता. बक्षिसाची बातमी मेंदूत कशी पोहोचते याचाही माग लागलेला आहे: मार्टिन हॅमर यांनी १९९३ मध्ये दाखवले की एका विशिष्ट चेतापेशीला वासाबरोबर विजेने उद्दीपित केले तर साखर न देताही माशी तो वास शिकते.

या मांडणीत उलटफेर अशी होते: आधी पहिल्या वासानंतर साखर आणि दुसऱ्यानंतर काही नाही, मग दुसऱ्यानंतर साखर आणि पहिल्यानंतर काही नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात जाँ-मार्क दव्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशीच्या मेंदूतल्या मश्रूम बॉडी या भागाला स्थानिक भूल दिली. तो भाग झोपलेला असतानाही माश्या पहिला धडा शिकल्या, पण उलटफेर त्यांना जमली नाही. पुढे, २०१५ मध्ये, असेही दिसले की या भागाला आवर घालणारा परतीचा संदेश अडवला तरी हेच घडते. म्हणजे पहिल्यांदा शिकणे आणि शिकलेल्याचा अर्थ बदलणे ही मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामात आवरण्याचा वाटा मोठा आहे. ज्या प्राण्याचे ‘शिकणे’ शाबूत आहे तो उलटफेरीत पूर्ण अपयशी ठरू शकतो. म्हणून उलटफेरीतल्या अपयशाला सरसकट मंदबुद्धी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

उलटफेरीत निदान दोन ओझी एकाच वेळी उचलावी लागतात. ज्या खुणेकडे ओढ आहे तिच्याकडे जाणे थांबवावे लागते, आणि जिच्याकडे काही नाही असे पक्के ठाऊक आहे तिला नव्याने संधी द्यावी लागते. पांढऱ्या ठिपक्याची माशी सहा वेळा निळ्यावर का परतली? निळ्याची ओढ सुटेना म्हणून, की पिवळ्यावर काहीच नसते हे मनात ठसले होते म्हणून? साध्या उलटफेरीत दोन्ही कारणांचा परिणाम एकच, चूक. संशोधकांनी यावर काढलेला उपाय मला फार आवडतो: तिसरी, कधीच न पाहिलेली खूण आणायची. एका गटाला जुनी लाभाची खूण आता कोरडी ठेवून तिच्या जोडीला बक्षीस असलेली नवी खूण द्यायची. इथे फक्त ओढ सोडायची असते. दुसऱ्या गटाला जुनी कोरडी खूण आता लाभाची करून तिच्या जोडीला नवी, पण कोरडी खूण द्यायची. इथे फक्त जुना नकार मोडायचा असतो. मग कळते की अडचण कुठे आहे.

जास्त पक्के शिकलेला प्राणी उलटफेरीत जास्त अडेल असे कोणालाही वाटेल. १९५३ मध्ये एल. एस. रीड यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात उलटे दिसले: ज्यांना पहिला धडा गरजेपेक्षा पुष्कळ जास्त गिरवायला लावला होता तेच उलटफेर लवकर शिकले. हा परिणाम प्रत्येक प्रयोगात मिळत नाही, पण त्याचे एक स्पष्टीकरण विचारात घेण्याजोगे आहे. जास्त गिरवण्याने प्राण्याला एवढेच कळत नाही की अमुक रंगापाशी बक्षीस आहे. त्याला हेही कळते की इथे जागा, वास, आवाज सोडून रंगाकडेच पाहायचे असते. उत्तर बदलले तरी कुठे पाहायचे ते बदलत नाही. माझ्या पहिल्या वर्षीच्या माश्यांना नेमके हेच मी शिकवले नव्हते.

विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी १९४९ मध्ये ऱ्हीसस माकडांबद्दल जे लिहिले ते याच दिशेचे आहे. माकडांना दोन वस्तूंपैकी एकीखाली खाऊ मिळे, काही खेपांनंतर वस्तूंची जोडी बदले, आणि अशा शेकडो जोड्या झाल्यावर माकड नव्या जोडीत फक्त एकदा चाचपून पाहत असे. दुसऱ्या खेपेला त्याचे उत्तर बहुतेक वेळा बरोबर येई. पुन्हा पुन्हा उलटफेर दिली तरी असेच घडते: एक चूक हीच बातमी ठरते. यावरून काहींनी प्राण्यांची शिडी रचली. एम. ई. बिटरमन यांनी १९६५ मध्ये मांडले की उंदीर एकामागून एक येणाऱ्या उलटफेरींत सुधारत जातात, मासे सुधारत नाहीत. पुढे मांडणी बदलल्यावर काही प्रयोगांत माशांतही सुधारणा दिसली. मला ही शिडी कधीच पटली नाही, कारण प्राण्याची पायरी ठरवताना आपण बहुतेक वेळा आपल्या मांडणीचीच पायरी ठरवत असतो. बिटरमन स्वतः पुढे हवाईत मधमाश्यांवर काम करू लागले आणि १९८३ मध्ये सोंडेच्या प्रतिसादावरच्या एका मूलभूत कामात रँडॉल्फ मेंझेल यांच्यासह सहभागी झाले, हे मला त्यांच्याबद्दल विशेष आदराचे वाटते.

ज्या प्रकरणाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते माकडांच्या मेंदूचे आहे. डोळ्यांच्या खोबणींच्या लगेच वर मेंदूच्या पुढच्या भागात ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स असते. हा भाग शस्त्रक्रियेने शोषून काढला की माकडे उलटफेरीत जुन्याच वस्तूला चिकटून राहतात, असे सुझन आयव्हर्सन आणि मॉर्टिमर मिश्किन यांच्या १९७० च्या कामापासून अनेकदा दिसले होते. त्यावरून या भागाचे काम म्हणजे जुन्या सवयीला लगाम घालणे, असे पाठ्यपुस्तकांतही बसले. २०१३ मध्ये पीटर रुडेबेक, एलिझाबेथ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅकाक माकडांत तोच भाग शोषून न काढता असे रसायन टोचून निकामी केला, जे चेतापेशी मारते पण तिथून केवळ पार होणाऱ्या तंतूंना इजा करत नाही. त्या माकडांनी उलटफेर निरोगी माकडांसारखीच पार पाडली. मग त्यांनी त्या भागाच्या मागच्या बाजूची एक अरुंद पट्टी तेवढी शोषून काढली, म्हणजे तिथून जाणारे तंतू तुटावेत, आणि उलटफेरीतला दोष परत दिसला. त्या प्राण्यांत दोष आला होता तो शेजारून दुसरीकडे निघालेल्या वाटा तुटल्यामुळे, आणि चार दशके त्याचे खापर त्या जागेवर फुटत होते.

रसायनाने निकामी केलेल्या माकडांत एक गोष्ट मात्र बिघडली होती. एका खाऊने पोट भरल्यावर निरोगी माकड तो खाऊ देणारी वस्तू टाळते. ही माकडे ती टाळत नव्हती. खुणेचा अर्थ उलटला की त्यांना कळत होते, खाऊचे आपल्यासाठीचे मोल आता उतरले आहे हे निवडीत उतरत नव्हते. मार्मोसेट या छोट्या माकडांत आणि उंदरांत अशाच रसायनाने केलेल्या इजेनंतरही उलटफेर बिघडलेली आढळली आहे, त्यामुळे एका प्राण्याचे उत्तर दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाही. या प्रत्येक आकड्यामागे एका जिवंत प्राण्यावर झालेली शस्त्रक्रिया आहे. ज्या ज्ञानाची एवढी किंमत दिली गेली ते घाईने वाचणे मला अक्षम्य वाटते, आणि मी हे वर्गात दरवर्षी सांगते.

मोकळ्या रानात मात्र उलटफेर ही शिक्षा नसून रोजचे काम आहे. सकाळी मकरंद देणारे फूल दुपारी कोरडे असते आणि त्याच डोंगरावर आठवड्याने दुसरा फुलोरा येतो. पहिली खूण लवकर शिकणाऱ्या वसाहती ती सोडायला जास्त वेळ घेतील अशी अपेक्षा ठेवून नायजेल रेन आणि लार्स चिटका यांनी भुंग्यांसारख्या दिसणाऱ्या बंबलबी माश्यांच्या अनेक वसाहती निळ्या-पिवळ्या कृत्रिम फुलांवर तपासल्या. २०१२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की वेगाने शिकणे आणि लवचिक असणे यांत अशी देवाणघेवाण दिसत नाही. जुने जपून ठेवणे हा यात अडथळा नसावा, उलट उद्या सकाळी निळे फूल पुन्हा भरले असेल तर त्या जपण्याचाच उपयोग होईल, असे मला पांढऱ्या ठिपक्याच्या माशीकडे पाहून वाटते.

यंदा मी तिसरी खूण आणणार आहे. विद्यार्थ्यांनी लगेच लाल सुचवला, पण मधमाशीला लाल रंग गडद करड्यासारखाच दिसतो, हे फ्रिश यांनाच आढळले होते. जांभळा निळ्याच्या इतका जवळचा आहे की निळ्याची ओढ त्यावर आपोआप सांडेल. पांढऱ्या कागदातून अतिनील किरण परततात की शोषले जातात यावर तो माशीला वेगळाच दिसतो, आणि आपल्या डोळ्यांना दोन्ही कागद सारखेच पांढरे भासतात. सध्या दुकानातून आणलेल्या हिरव्या कागदाचे चार नमुने ओट्यावर काचेखाली ठेवले आहेत आणि पिवळ्यावर शिकलेल्या माश्या त्यांतल्या कोणत्याला चुकून पिवळे समजतात ते रिकाम्या बश्या ठेवून पाहते आहे. जो कोणालाच पिवळा वाटणार नाही, तो घेईन.